निळ्या दाराची पांढरी गाडी

या वर्षी पोळा झाल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, भडगावच्या पुढे गिरणाकाठच्या एका गावात, कुकर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला त्याच्याच गाडीतून ओढून खाली पाडलं. वय पंचावन्नच्या आसपास. राहणार पारोळ्याकडचा. गुन्हा काही नाही. त्याच्या पांढऱ्या व्हॅनला निळी दारं होती, एवढंच.

त्या दारांची गोष्ट लोकांना मी सांगितली होती.

आमच्या समितीत पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही आबा म्हणतो. कॉलेजच्या मुलींसाठी एसटीच्या फेऱ्या वाढवून मिळाव्यात म्हणून आमची समिती चार वर्षं भांडतेय. आबांचे नियम दोनच. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला आणि नेमका कधी, ते आलं पाहिजे. ‘काही दिवसांपूर्वी’ लिहिलंस की वाचणारा झोपला म्हणून समज. आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं ते सांगायचं. आग्रहाची विनंती नको, कळकळीचं आवाहन नको. कर म्हणायचं. मी एकोणिसाव्या वर्षापासून असंच लिहीत आले. माझ्या हाताला दुसरं वळणच नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. पुढे जे झालं ते याच वळणामुळे झालं.

समितीच्या बाहेर माझा एकच शौक. इंग्रजी गुन्हेकथांच्या मालिका. आमचा चार जणांचा गट आहे. नाना निवृत्त इंग्रजीचे शिक्षक, जळगावला राहतात आणि ब्रिटिश मालिकेच्या बाजूने जीव देतील असे. अक्का शिवणक्लास चालवतात, त्याही जळगावच्याच. धुळ्याचे भाऊ एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढतात, त्यांचा जीव अमेरिकेत. आणि मी नशिराबादची. एका रविवाराआड नानांच्या दिवाणखान्यात बैठक. भाऊ सकाळच्या एसटीने येतात, अक्का भरीत-पुऱ्या घेऊन येतात, आणि आम्ही दुपारभर भांडतो. मोबाइलवर आमचा एक ग्रुपही आहे, उरलेलं भांडण तिथे.

विषय नेहमी तोच. ब्रिटिशांनी केलेली मालिका अमेरिकेने पुन्हा केली की तिचं काय होतं.

त्या महिन्यात ज्या मालिकेवरून आमचं वाजलं तिची गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मूळ ब्रिटिश मालिका सहा भागांची. एका लहान गावातून एक मुलगी नाहीशी होते. त्या दिवशी गल्लीत फिरत्या ग्रंथालयाची गाडी उभी होती, म्हणून संशय गाडीवाल्यावर. गाव त्याला छळतं. काचा फोडतं. दुकानात त्याला पाव मिळेनासा होतो. सहाव्या भागात कळतं की मुलगी स्वतःच्या पायांनी घर सोडून गेलेली, गाडीवाल्याचा काही संबंध नाही. गावात कोणी माफी मागत नाही. शेवटच्या दृश्यात तो गाडी विकून बसची वाट बघत उभा असतो. संपलं.

अमेरिकेने तीच मालिका दहा भागांची केली. ग्रंथालयाच्या गाडीची आईस्क्रीमची गाडी झाली. तपास करणारी पोलीस बाई तरुण झाली, तिच्या कमरेला पिस्तूल आलं. आणि शेवट बदलला. त्यांच्याकडे आईस्क्रीमवालाच खुनी निघतो.

“मग काय चुकलं?” भाऊ पुरी मोडत म्हणाले. “दहा तास बसवून ठेवायचं आणि शेवटी म्हणायचं, काही झालंच नव्हतं, चला घरी? नाना, तुमच्या ब्रिटिशांच्या दारात मुडदा पडला तरी आधी चहा ठेवतील.”

“ठेवतात ना चहा. म्हणून तर भीती वाटते,” नाना म्हणाले. “भाऊ, तुम्हाला बंदूक दिसल्याशिवाय भीतीच वाटत नाही. दवाखान्यात माणसांची हाडं बघता तुम्ही, चेहरे नाही.”

“हाडं खोटं बोलत नाहीत, नाना.”

“मला तर त्या आईस्क्रीमवाल्याचे डोळे पहिल्या भागापासूनच आवडले नाहीत,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, डोळे न आवडणं हा पुरावा असतो का?” मी म्हणाले.

“तू गप. तुला अजून माणसांचं माप घेता येत नाही. मी तीस वर्षं मापं घेतेय.”

सगळे हसले. मी नाही हसले. मी तेव्हा जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणाले, अमेरिकेने हा सरळ सरळ गुन्हा केलाय. ब्रिटिश मालिका गर्दीला आरसा दाखवत होती, अमेरिकेने गर्दीच्या पाठीवर थाप मारली. तुम्ही काचा फोडल्या ते बरोबरच केलं, तोच खुनी होता, असं सांगितलं. अशा रीमेकवर बंदी घाला! मी उभी राहून बोलत होते, समितीच्या सभेत बोलते तशी. नानांनी टाळ्या वाजवल्या.

मग भाऊंनी काडी टाकली. “एवढं कळतं तर तू कर ना. अमेरिकेने उचलली, आपण का नाही? आपली आवृत्ती. खानदेशची.”

झालं. भांडण विसरून सगळे कामाला लागले. ग्रंथालयाची गाडी इथे कुठून आणायची? अक्का म्हणाल्या, भंगारवाला घ्या. भाऊ म्हणाले, मीठवाला. मी म्हणाले, कुकरवाला. कारण त्याच दिवशी सकाळी तो आमच्या गल्लीत येऊन गेला होता.

हा मिस्त्री आमच्याकडे दीड-दोन महिन्यांनी एकदा येतो. व्हॅन पांढरी, पण दोन्ही पुढची दारं निळी. एका अपघातातल्या गाडीची दारं त्याने आपल्या गाडीला बसवली आणि रंगवायचं राहून गेलं. टपावर भोंगा. भोंग्यात त्याच्या बायकोचा आवाज भरलेला. ‘कुकर, मिक्सर, गॅसची शेगडी दुरुस्त करून मिळेल. बाहेर या ताई, बाहेर या.’ गोड आवाज आहे. माझ्या आईने एकदा विचारलं होतं, तू का नाही बोलत रे? तर म्हणाला, माझ्या आवाजाला बायका दार उघडत नाहीत.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. भाऊ पुढे सरसावून बसले. “थांब थांब. बाईचा आवाज ऐकून बायका दार उघडतात, आणि गाडीत असतो बाप्या. अंगावर काटा आला बघ. हेच घे.”

आम्ही काटा येण्यासाठीच जमायचो. मी तेच घेतलं.

एकच गोष्ट ठरली नाही, ती म्हणजे शेवट. आपला कुकरवाला निर्दोष की दोषी? नाना आणि मी निर्दोष म्हणालो, भाऊ आणि अक्का दोषी. दोन विरुद्ध दोन. शेवटी ठरलं की मी पहिला भाग लिहून ग्रुपवर टाकायचा आणि शेवटाचं मतदान पुढच्या बैठकीत. निघताना नाना म्हणाले, “खरं वाटलं पाहिजे हं. तुझ्या पत्रकाची हातोटी वापर.”

सोमवारी दुपारी मी पहिला भाग लिहिला. आधी एक ओळ वेगळी पाठवली, ‘आपली आवृत्ती, भाग पहिला’. मग मजकूर. तो इथे पूर्ण देणार नाही, तो आधीच फार फिरलाय. पण त्याची सुरुवात अशी होती की नशिराबादच्या एका बारावीच्या मुलीला शुक्रवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या घराच्या दारातून नेलं. मग निळ्या दारांची पांढरी व्हॅन. मग भोंग्यातला बाईचा गोड आवाज. मग आईचं रडणं. आणि शेवटी, सवयीने, हात आपोआप गेला आणि मी लिहिलं, ‘ही गाडी तुमच्या गावात दिसली तर जाऊ देऊ नका. थांबवा.’

गोष्टीला या ओळीची काही गरज नव्हती. कुठल्याच मालिकेत अशी ओळ नसते. पण शेवटची ओळ लिहिल्याशिवाय मला लिहिणं संपल्यासारखंच वाटत नाही.

अक्कांनी अंगठा पाठवला. भाऊंनी लिहिलं, ‘अमेरिका हरली’. नानांनी काहीच लिहिलं नाही, आणि मला जरा वाईट वाटलं.

गुरुवारी दुपारी मी घरी जेवायला बसले होते. आई मोबाइल डोळ्यांजवळ धरून आली. रावेरच्या मावशीने काहीतरी पाठवलं होतं. आई मोठ्याने वाचायला लागली. वाचता वाचता तिचा आवाज बसत गेला.

पहिल्या चार शब्दांत मी ओळखलं. ते माझं होतं. पण नशिराबादच्या जागी रावेर झालं होतं. मुलगी बारावीची नव्हती, चौथीची झाली होती. एका मुलीच्या तीन मुली झाल्या होत्या. गाडीत बुरख्यातली एक बाई येऊन बसली होती, जी मी कधीच लिहिली नव्हती. निळी दारं मात्र होती. गोड आवाज होता. आणि शेवटची ओळ जशीच्या तशी होती. कोणी तिला हात लावला नव्हता.

“माय वं,” आई म्हणाली. “हा तर आपला कुकरवाला. मी त्याले घरात बसवून पानी देलं. अन् या रविवारी तो आला तवा तू एकटी होती घरात!”

माझ्या तोंडात घास होता. 

“तू कायले इतकी पांढरी पडली? जेव. उद्यापासून कडी लावून बसत जाय.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. आई, हे मी लिहिलंय, ही गोष्ट आहे, एवढंच वाक्य. मी बोलले नाही. हात धुवायला उठले आणि मोरीत उभी राहून भाऊंना फोन लावला.

“कोणी बाहेर पाठवलं?”

 भाऊ म्हणाले, “माझ्याकडेही आलंय. शिरपूरहून. माझ्या साडूने पाठवलंय. त्यात धुळ्याच्या मुली आहेत.”

“खुलासा टाकते आत्ता.”

“टाक. पण खुलाशात काय लिहिशील? हे मी लिहिलं, असंच ना? म्हणजे अफवा पसरवणारी तूच. तुझी समिती, तुझं नाव, सगळं चव्हाट्यावर येईल. दोन दिवस थांब. थंड होतं गं हे. सगळं थंड होतं.”

भाऊ वाईट माणूस नाही. त्यांना माझी काळजी होती. पण आमच्या भागात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेने माणसं जिवानिशी गेली आहेत. हे भाऊंना माहीत होतं, मला माहीत होतं, दुसरीतल्या पोरालाही माहीत आहे. तरी मी थांबले.

त्या दोन दिवसांत मी तीन खुलासे लिहायला घेतले. एक समितीच्या नावाने, एक गटाच्या नावाने, एक निनावी. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर ते लिहायला गेले की पेन अडायचं. अजून कोणावर झाला नव्हता. होणार होता. आणि होऊ घातलेल्या अन्यायाचं पत्रक लिहायला मला कोणी शिकवलं नव्हतं. हे कारण आता मला फालतू वाटतं. खरं कारण मी घाबरले होते. पोलिसांना घाबरले, आबांना घाबरले, आईला घाबरले. शुक्रवारी दिवसभर गल्लीत कसलाही भोंगा वाजला, भाजीवाल्याचा, प्रचाराचा, तरी मी उठून खिडकीतून गाडीचा रंग बघायचे. तो येऊ नये, इकडे येऊ नये, एवढंच मनात. दुसरीकडे कुठे गेला तर, हा विचार मी बाजूला ढकलत होते.

तो दुसरीकडे गेला.

शनिवारी मी जळगावला समितीच्या खोलीत पत्रकांच्या घड्या घालत होते. सव्वाबाराला आबांच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. आबा म्हणाले, “हे बघ. भडगावकडे एक पकडला म्हणे.”

व्हिडिओ दीड मिनिटाचा. गाडी मारुतीच्या पारापाशी आडवी उभी. एक निळं दार उघडं, त्याची काच फुटलेली. मिस्त्री जमिनीवर बसलेला, एक हात डोक्यावर. पंचवीस-तीस माणसं. कोणी त्याची कॉलर धरलीय, कोणी गाडीतून कुकरची झाकणं बाहेर फेकतोय. आणि सगळे आपल्याला ओळखतात असं तो सारखं सांगतोय, “माले बठ्ठा वळखतस भाऊ. मी कुकरना मिस्तरी शे. बठ्ठा वळखतस.” एकाने त्याच्या तोंडात मारली.

आणि या सगळ्याच्या वर तो भोंगा चालूच होता. ‘बाहेर या ताई, बाहेर या.’ कुणाला तो बंद करता येत नव्हता. चापट, आणि बाहेर या ताई. शिवी, आणि बाहेर या ताई. गर्दीतला एक जण ओरडला, “आयका! हाऊच तो आवाज!” आणि मागचे पुढे सरकले. तिथेच व्हिडिओ संपला.

मी खाली बसले. आबांनी विचारलं, काय झालं, आणि मी सांगितलं. सगळं, एका दमात. आबा माझ्यावर ओरडले नाहीत. ते म्हणाले, “जिवंत आहे का तो, ते आधी बघ.”

भडगावच्या आमच्या एका कार्यकर्तीला फोन केला. ती उचलेना. पुन्हा केला. पुन्हा. चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांबद्दल मी लिहू शकत नाही. खोलीत पंखा फिरत होता आणि पत्रकांचे कागद उडत होते, एवढंच आठवतं.

तो जिवंत होता.

व्हिडिओ संपल्यानंतर काय झालं ते त्या कार्यकर्तीने नंतर गावात जाऊन विचारलं. गर्दी पुढे सरकली तेव्हा समोरच्या घरातून साठीची एक बाई बाहेर आली. भोंगा ऐकूनच आली होती ती. तिच्या हातात तिचा कुकर होता, शिटी बिघडलेला. तिने तो मोबाइलवरचा निरोप पाहिलाच नव्हता, तिच्याकडे तसला मोबाइलच नाही. ती गर्दीत शिरली, माणसांना कुकरने ढोसत ढोसत, आणि मिस्त्रीच्या शेजारी जमिनीवर बसली.

“काय करी राह्यनात रे? हाऊ मना कुकरना मिस्तरी शे. याले हात लावशात ते मनाशी गाठ शे.”

कोणीतरी म्हणालं, “काकू, हाऊ पोरी उचलस.”

“कोनी पोर? नाव सांग. कोनी? कोन्या गल्लीनी?”

कोणालाच सांगता येईना. गर्दीच्या तोंडी रावेरच्या मुली होत्या, धुळ्याच्या मुली होत्या, पण त्या गावातली एकही नव्हती.

“नाव माहीत नई अन् मारी राह्यनात,” ती म्हणाली. “मनी शिटी तुम्हना बाप नीट करी दी का?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने थोडी जागा झाली. पोलीस येईपर्यंत ती बाई मांडीवर कुकर ठेवून तशीच बसून राहिली, जवळजवळ दोन तास. तिने काही भाषण केलं नाही. ती फक्त उठली नाही.

मिस्त्रीच्या उजव्या हाताचं मनगट मोडलं. ज्या हाताने तो पाना-पक्कड चालवतो तो हात.

त्या दुपारी मी खुलासा टाकला, माझ्या नावानिशी. पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. घरी येऊन आईला सांगितलं.  तिने उठून दाराची कडी काढली. माझ्याशी ती चार दिवस बोलली नाही.

ते बाहेर कसं गेलं, तेही कळलं. नानांनी पाठवलं होतं. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना, कौतुकाने. ‘माझ्या गटातली पोर काय लिहिते बघा.’ पण कौतुकाचा निरोप वेगळा आणि मजकूर वेगळा. वरची ‘आपली आवृत्ती’ ही ओळ तर मीच सुटी पाठवली होती, ती ग्रुपमध्येच राहिली. पुढे गेला तो नुसता मजकूर. नाना मला येऊन भेटले. आयुष्यभर मुलांना सांगत आले होते, संदर्भासह स्पष्टीकरण द्या. ते म्हणाले, “मी निर्दोषच्या बाजूने होतो गं.” मी म्हणाले, मीही.

तीन आठवड्यांनी मी आणि नाना त्याच्या घरी गेलो. भाऊ धुळ्याहून पारोळ्याला येऊन थांबले होते, त्यांनी मनगटाचे एक्स-रे मागवून पाहिले होते, मोडलेलं हाड नीट बसलेलं नाही हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. अक्का आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मला त्याच्याकडे बघवणार नाही.

गाडी दारातच उभी होती. फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा. टपावर भोंगा नव्हता.

मिस्त्री खाटेवर बसला होता. त्याने मला ओळखलं. “नशिराबादनी ताई ना तुम्ही? आई कशी शे?” म्हणाला. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यासाठी मी तयार होऊन गेले होते. यासाठी नव्हते.

मी उभ्यानेच सांगितलं. आम्ही चार जण परदेशी मालिका बघतो. त्यावरून मी एक गोष्ट लिहिली. तुमची गाडी घेतली, दारं घेतली, आवाज घेतला. विचारलं नाही. ती बाहेर गेली. गुरुवारी मला कळलं आणि शनिवारपर्यंत मी गप्प राहिले.

तो ऐकत होता. मोडका हात मांडीवर. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

“मंग तुमनी गोष्टमा, शेवटले... मीच करेल व्हतं का?”

मी नानांकडे पाहिलं. नानांनी खाली पाहिलं.

“ठरलं नव्हतं,” मी म्हणाले.

“ठरेल नव्हतं,” तो म्हणाला आणि मान हलवली, जणू काही एखादा पार्ट बाजारात मिळत नाही असं मी त्याला सांगितलं होतं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. भाऊंना हाताचं विचारत राहिला.

बोलली ती त्याची बायको. दारात उभी होती, मागे. तिने तोंड उघडलं आणि तो आवाज मी ओळखला. गल्लीतला आवाज. गोड नव्हता आता.

“मना आवाजले लोके भितस आता,” ती म्हणाली. “मी बाजारमा भाजीवालीशी बोलनू ते ती मनाकडे देखत राह्यनी. घरमा बी हळू बोलस मी. यानी भोंगा काढी टाका. आते गाडी मुकी जास गल्लीमा. मुकी गाडी देखी कोन बाहेर येस? कोनी नई. हात बरा व्हयना तरी कोनाना कुकर नीट करी हाऊ?”

मी माफी मागितली.

“माफी नको माले. तू लिव्हस ना? मंग लिव्ह. ते जसं लिव्हं तसंच लिव्ह. टाईम टाकीसन. गाव टाकीसन. अन् शेवटले जे लिव्हं व्हतं ना, थांबवा, तसं काही लिव्ह. लोके आयकतस तुनं.”

आम्ही परत निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर धुळ्याची एसटी पकडताना भाऊ एवढंच म्हणाले की अमेरिकेवाले असते तर शेवट आधी ठरवला असता.  आमच्या बैठका तेव्हापासून बंद आहेत. मालिका मी बघते अजून. खोटं कशाला बोलू? पण गल्लीत गाडी उभी राहिली की मी चित्र थांबवते.

माझा खुलासा फारसा पुढे गेला नाही. तीन मुलींची बातमी लोक सासरी-माहेरी पाठवतात. ‘ते खोटं होतं’ हे कोणी कोणाला पाठवत नाही. ते पाठवायचं म्हणजे आधीचं आपणच पाठवलं होतं हे कबूल करायचं. रावेरच्या मावशीला मी स्वतः फोन केला. ती म्हणाली, “तुझं खोटं असेल बाई, पण आमच्याकडचं खरंच आहे.” ठाण्यातून आठ जणांना बोलावणं गेलं. आठही जण म्हणतात, आम्ही तर थांबवलं फक्त. निरोपात लिहिलं होतं तसं.

आणि हे संपलेलं नाही. म्हणून मी लिहितेय, पश्चात्ताप झाला म्हणून नाही. मागच्या आठवड्यात तो निरोप माझ्याकडे परत आला. आता गाडी पांढरी नाही, हिरवी आहे. दारं लाल. आवाज बाईचा नाही, लहान मुलाचा आहे. गाव चोपड्याकडचं. शेवटची ओळ माझीच आहे. खानदेशात हिरवी गाडी घेऊन, भोंग्यात पोराचा आवाज भरून फिरणारा कोणीतरी माणूस नक्की असेल. चादरी विकत असेल, चाकूला धार लावत असेल. मला तो माहीत नाही. त्याला हा निरोप माहीत नाही. तो उद्या सकाळी कोणत्या गल्लीत शिरेल हेही मला माहीत नाही, आणि सकाळी भोंगा वाजला की मी आधी घड्याळाकडे बघते.

तेव्हा आता शेवटची ओळ. याआधी लिहिलेली माझी शेवटची ओळ तुम्ही ऐकलीत. आता ही ऐका.

मोबाइल उघडा. तो निरोप तुम्ही ज्यांना पाठवला त्या प्रत्येकाला आज, हे वाचून झाल्यावर लगेच, सांगा की ते खोटं होतं आणि मी पाठवलं होतं. आणि निळ्या दाराची पांढरी गाडी, भोंगा नसलेली, मुकी, तुमच्या गल्लीत आली तर कडी काढा. बिघडला असेल नसेल, कुकर हातात घ्या. बाहेर या. गर्दी असेल तर तिच्यात शिरा आणि त्याच्या शेजारी बसा. उठू नका.